हेलिडेक दोन जिने वर

रात्री अडीचला चेंबरमधून हाक आली. आत श्वासाच्या वायूत हेलियम असतो, त्यामुळे सगळ्यांचाच आवाज बदकासारखा चिरका होतो, पण सवयीने मला आवाज सुधारणाऱ्या मशीनशिवायही कळलं, "दादा, पोटात लय दुखतंय."

मी मुंबई हायवर डायव्हिंगच्या जहाजावर लाइफ सपोर्ट टेक्निशियन आहे. आमचे डायव्हर समुद्रतळावर पाइपलाइनचं काम करतात आणि पाळी संपली की बेलमधून, म्हणजे दाब धरून ठेवणाऱ्या पाळण्यातून, थेट जहाजावरच्या चेंबर नावाच्या बंद लोखंडी खोलीत येतात. तिथेही दाब सत्तर मीटर खोलीचाच. दिवसचे दिवस त्याच दाबात जेवण, झोप, सगळं.

साधारण दिवसभरात शरीरात मावेल तेवढा वायू मुरतो. मग दोन दिवस राहा नाहीतर वीस, दाब उतरवायला लागणारा वेळ तेवढाच. या एका गोष्टीवर आमचा सगळा धंदा उभा आहे आणि ती माणसांवर सिद्ध केली अमेरिकन नौदलाच्या डॉ. जॉर्ज बाँड यांनी. १९५७ पासून आधी प्राण्यांवर प्रयोग, मग माणसांवर. १९६४ साली बर्म्युडाजवळ ५८ मीटर खोल 'सीलॅब-१' या समुद्रतळावरच्या घरात चौघे ११ दिवस राहिले. बाँड यांना त्यांची माणसं 'पापा टॉपसाइड' म्हणायची.

किनाऱ्यावरच्या ड्यूटी डॉक्टरांना फोन लावला. ते नवे होते. म्हणाले, "उजाडलं की हेलिकॉप्टरने पाठवा." हेलिडेक आमच्यापासून दोन जिने वर, आणि पेशंट बाहेर यायला तीन दिवसांहून जास्त. तसंच दार उघडलं तर माणूस जागीच जाईल. हे समजावण्यात दहा मिनिटं गेली. डायव्हिंग न शिकलेला डॉक्टर या फोनवर बसवू नये, हे मी आजवर तीनदा लेखी दिलंय.

मग मेडिकल लॉकमधून, म्हणजे चेंबरच्या भिंतीतल्या दोन दारांच्या छोट्या कप्प्यातून, औषध पाठवायचं. इंजेक्शनची कुपी तशीच आत सारली तर आठपट दाबाने रबरी बूच आत जातं, म्हणून बुचात सुई खोचून ठेवायची. लॉकचा दाबही सावकाश चढवायचा. आत वैद्यकीय प्रशिक्षण घेतलेला डायव्हर होता, त्याने पोट तपासलं, सुई दिली. मी पॅनेलवर. ऑक्सिजन पाच टक्के, त्या दाबाला तेवढा पुरतो. तापमान तीस, हेलियम अंगातली ऊब ओढून घेतो. तेवढ्यात स्क्रबरच्या डब्यातलं सोडालाइम, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारा माल, तेही तपासून घेतलं. १९६९ साली 'सीलॅब-३'वर बेरी कॅनन हा डायव्हर गेला, तेव्हा चौकशीत श्वसनाच्या एका उपकरणात कार्बन डायऑक्साइड शोषणारा माल भरलेलाच नव्हता, असं निघालं. तो प्रकल्प तिथेच बंद पडला. मी तो डबा कुणाच्या भरवशावर सोडत नाही.

पहाटे दुखणं उतरलं. मुतखडा होता. चौथ्या दिवशी पेशंट स्वतःच्या पायांनी बाहेर आला.

पण अपेंडिक्स असतं तर? नौदलात जाण्याआधी बाँड नॉर्थ कॅरोलिनात बॅट केव्ह या डोंगरी खेड्यात डॉक्टरकी करत. दवाखाना दूर असलेला पेशंट त्यांनी रोज पाहिला असणार. ते त्या रात्री फोनवर असते तर काय म्हणाले असते, हे अजून डोक्यातून जात नाही.

चेंबर रिकामा झाल्यावर, आतच ऑपरेशन करायची वेळ आली तर जागा किती, हे मोजायला मी टेप घेऊन आत गेलो. दोन बंकांमधली जागा सव्वादोन फूट. दिवा डोक्याशी, पायाकडे अंधार.