टपावरची अंघोळ

'पारोसं' हा शब्द आमच्या आईनं जितका जपलाय, तितके तिनं स्वतःचे दागिनेही जपले नसतील. वय ७९. पारोशानं एक कप चहा चालतो, तोही नाइलाजानं. पण अंघोळ झाल्याशिवाय घास तोंडात नाही आणि देवळात पाऊल तर नाहीच नाही. त्यात आमचं कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. म्हणजे पुण्याहून पहाटे चारला निघायचं, कऱ्हाड-पाटण करत कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूण मागं टाकायचं आणि अकराच्या सुमारास गुहागर गाठायचं. तोवर ही बाई उपाशी. "तीन वाजता उठून करतेस का अंघोळ?" म्हटलं तर म्हणते, "सात तास गाडीत बसल्यावर ती अंघोळ शिळी नाही का होत?"

गुहागरला पोचल्यावर आधी समुद्र. समुद्र झाला की अंगभर मीठ आणि वाळू, आणि मग गोडं पाणी शोधत हिंडायचं. मागच्या खेपेला एका किनाऱ्यावर बादलीमागं पैसे मोजले, तर त्या पाण्यात समुद्राइतकीच वाळू निघाली. तेव्हाच मनाशी ठरवलं, पुढच्या वेळी अंघोळ घरून घेऊन यायची.

परदेशात गाड्यांच्या टपावर काळी नळकांडी बसवून फिरतात. आत पाणी, वर ऊन, खाली शॉवर. मुलानं मोबाइलवर दाखवलं आणि किंमतही सांगितली. किंमत ऐकून मी चप्पल घातली आणि बोहरी आळी गाठली.

"चार इंची पाइप द्या. पाच फूट."

"ड्रेनेजला?"

"नाही, अंघोळीला."

दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "अंघोळीचं पाणी शेवटी ड्रेनेजलाच जातं ना?"

रविवार पेठेत वाद घालायचा नसतो. पाइप, दोन्ही टोकांना दोन कॅप, एक छोटा बॉल व्हॉल्व्ह, निपल, टेफलॉन टेप, सोल्युशनची डबी, आणि संडासातल्या जेटला असते तसली लवचीक नळी घेतली. शॉवरचं तोंड घरातच होतं, जुन्या बाथरूममधलं. चार इंची पाइप पाच फूट लांब असला की त्यात साधारण साडेबारा लिटर पाणी मावतं. म्हणजे टपावर साडेबारा किलो ओझं. कॅरिअरला ते काहीच नाही, मी स्वतः याहून जड सूटकेसा चढवल्या आहेत.

जोडकाम सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा सोल्युशन लावून पाहावं. पाइपला लावायचं, कॅपला लावायचं, घुसवायचं आणि किंचित पिळायचं. हे सगळं ते सुकायच्या आत. माझी एक कॅप तिरकी बसली ती बसलीच. ती गळत नाही, पण तिच्याकडं पाहिलं की अजून जीव खालीवर होतो. व्हॉल्व्हच्या आट्यांवर टेफलॉन टेप उलट्या दिशेनं गुंडाळली होती. आवळायला गेलो की ती गोळा होऊन बाहेर. पाइप बाहेरून पॉलिश पेपरनं घासून काळा ऑइलपेंट मारला. काळा रंग ऊन पितो, शिवाय आत उजेड पोचत नाही म्हणून शेवाळंही धरत नाही. दोन दिवसांनी तीन-चारदा पाणी भरून ओतून टाकलं, तरी पहिल्या पाण्याला सोल्युशनचा वास होताच.

गच्चीवर पहिली चाचणी. घरची सगळी मंडळी जमलेली. मी व्हॉल्व्ह फिरवला. पेलाभर पाणी आलं, पाइप 'गुडुक' म्हणाला आणि धार बंद. पुन्हा गुडुक, पुन्हा बंद. मी कचरा शोधला, वायसर बदलला, शॉवरचं तोंड टाचणीनं कोरून काढलं. आई खुर्चीवर शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "अरे, तेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडतात?"

पाणी बाहेर यायचं तर त्याच्या जागी हवा आत जायला हवी. पंधरा किलोच्या डब्यातून बरणीत तेल काढणाऱ्या घराघरातल्या बायकांना ठाऊक असलेली ही गोष्ट मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत शिकवली होती, आणि मी ती परीक्षेत लिहून मोकळा झालो होतो. पाइपाच्या वरच्या अंगाला भोक पाडलं, त्यात आट्यांचं बूच बसवलं. पाणी भरायचंही तिथूनच. अंघोळीच्या वेळी बूच सैल करायचं, प्रवासात घट्ट.

आता धार यायला लागली, पण तिला धार म्हणणं म्हणजे उदारपणाच. श्रावणात पिंडीवर टांगलेल्या अभिषेकपात्रासारखी संततधार. मुलगा म्हणाला, ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून सायकलच्या पंपानं हवा मारू. आमच्या प्लंबरना विचारलं, तर त्यांनी हात जोडले. "साहेब, पाण्याच्या दाबानं पाइप गेला तर चीर पडते. हवेच्या दाबानं गेला तर बॉम्ब." त्यांचं म्हणणं खरं आहे. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते आणि फुटताना तो सगळा दाब एकदम परत करते. त्यातून मी आणलेला पाइप सांडपाण्याचा, दाब सोसायला बनवलेलाच नाही. पंप माळ्यावर गेला.

मग खरं दुखणं कळलं. आमची गाडी छोटी. कॅरिअर आणि पाइप धरून टप जेमतेम सव्वापाच फूट, आणि माझी उंची पाच फूट सात. मी शेजारी उभा राहिलो की डोकं पाइपाच्याही वर. पाण्याला दाब मिळतो तो उंचीमुळं. दहा मीटर उंचीचं पाणी कुठं एका वातावरणाइतका दाब देतं, आणि माझ्याकडं तर उणे चार इंच! उभ्यानं केस भिजवायचे तर गुडघ्यात वाकून 'शॉवर खाली, मी त्याच्याखाली' अशी कसरत. सहज दमून खाली बसलो आणि चमत्कार झाला. शॉवरचं तोंड तीन फुटांवर आलं, वर दोन फूट पाणी राहिलं आणि धार अशी काही सुटली की मी ओरडलोच.

म्हणजे एवढा खटाटोप करून मी असा शॉवर बनवला होता, जो बसून अंघोळ करणाऱ्यालाच पाणी देतो. आजोळच्या न्हाणीतल्या दगडावर मांडी घालून बसायचो ते आठवलं.

पाणी तापण्याचा हिशेबही करून पाहिला. सकाळी दहाला भरलेला पाइप गच्चीवर ठेवला आणि दोन वाजता घरातलं तापाचं थर्मामीटर धारेखाली धरलं. ३९ अंश सेल्सिअस. माणूस असता तर डॉक्टरांकडं न्यावा लागला असता. हा शोध आपलाच, या आनंदात मी दोन दिवस होतो. मग वाचलं की बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी काळ्या टाक्या काचेच्या पेटीत बसवून १८९१ मध्येच पेटंट घेतलं होतं. काचेची पेटी का, ते मला रस्त्यावर कळलं. गाडी धावत असताना वारा पाइपावरची ऊब पुसून नेतो. ऊन कितीही असो, पाणी तापतं ते गाडी उभी असताना.

जानेवारीत निघालो. पहाटे चारला गारठ्यात भरलेलं पाणी अकरा वाजता गुहागरला गारच होतं. आई लाटेच्या तोंडाशी बसून समुद्रस्नान करून आली. मी गाडीची एका बाजूची दोन्ही दारं उघडून त्यांच्यावरून तिचंच एक जुनं नऊवारी फिरवलं होतं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, आडोशाला भरपूर. तिनं पाण्याला बोट लावलं.

"गार आहे."

"दोन तास उन्हात ठेवलं तर छान तापेल."

"आणि तोवर मी मीठ लावून बसू? लोणचं आहे का मी?"

नऊवारीच्या आत पाण्याचा आवाज सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. भिजायचं, बंद करायचं, चोळायचं, पुन्हा सोडायचं. घरी बादलीभर पाण्याशिवाय जिचं होत नाही, तिनं चार-साडेचार लिटरांत उरकलं. साबण नाही, नुसतं डाळीचं पीठ. बाहेर आली ती केस झटकत. मी कौतुकाच्या आशेनं उभा.

"पाट का नाही आणलास? वाळूवर बसावं लागलं. परत सगळी वाळू लागली."

उरलेल्या पाण्यानं तिचे पाय धुतले आणि आम्ही देवळात गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पाइप पुन्हा भरून घेतला. गाडी दुपारपर्यंत अंगणात उन्हात उभी होती. कुंभार्ली घाटाच्या आधी नाक्यावर हवालदारांनी काठी आडवी केली. टपाकडं बघत गाडीला एक चक्कर मारली. काळा, पाच फुटी, दोन्ही टोकं बंद, त्यातून नळी लोंबतेय. मी त्यांच्या जागी असतो तर मीही थांबवली असती.

"वर काय आहे?"

"अंघोळ," आई मागच्या सीटवरून म्हणाली.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी उतरून बूच सैल केलं, नळी खाली घेतली आणि व्हॉल्व्ह फिरवला. त्यांनी सावधपणे तळहात पुढं धरला, मग दुसराही.

"कोमट आहे की हो," म्हणाले, आणि टोपी काढून शेजारच्या माणसाच्या हातात दिली.

"खाली बसा," मी म्हटलं. "बसल्याशिवाय नीट येत नाही."