जुन्या गाडीचं ऑइल नेमकं जातं कुठे?

आमची गाडी २०११ची. पेट्रोल, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह. वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. दीड लाख किलोमीटर झाल्यावर डिपस्टिकवरची ऑइलची पातळी भराभर खाली यायला लागली. गॅरेजवाला म्हणाला, "सर, इंजिन ऑइल पितंय. हाफ इंजिन करावं लागणार. रिंगा, पिस्टन, सगळंच." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी, ऑइल वर जाऊ न देणारी. सांगितलेला खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याला टेकत होता. दुसऱ्या ठिकाणी "विकून टाका" असं ऐकायला मिळालं. ऑइल जातंय कुठून, हे दोघांपैकी कुणीच पाहिलं नव्हतं. मला आधी तेच हवं होतं.

म्हणून मोजायला लागलो. सकाळी, सपाट जागेवर, गाडी चालू करायच्या आधी पट्टी काढायची, पुसायची, परत घालून बघायची. ऑइल ओतायचं ते मिलिलिटरच्या खुणा असलेल्या भांड्यातून, आणि त्या वेळचं किलोमीटर रीडिंग वहीत. आकडा आला १,००० किलोमीटरला साधारण ७०० मिली. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत लिटरभरापर्यंतचा खपसुद्धा मर्यादेत धरलेला असतो, पण छोट्या गाडीच्या इंजिनात मुळात ऑइल मावतं तीन-साडेतीन लिटर. या वेगाने पुढच्या सर्व्हिसिंगच्या कितीतरी आधी ते संपलं असतं. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर तर अजिबात विसंबू नये. साधारणपणे तो दिवा ऑइलचा दाब पडल्यावर लागतो, पातळी कमी झाल्यावर नाही. तो पेटेपर्यंत बेअरिंगांना झळ बसलेली असू शकते.

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकला. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाच्या, कडेने थोडा पाझर होता. गॅस्केट बदललं, पुठ्ठा कोरडा झाला, वहीतला आकडा मात्र जवळपास तोच राहिला. रेडिएटरचं पाणी स्वच्छ होतं, ऑइल फिलरच्या झाकणाखाली दुधाळ साय नव्हती, म्हणजे ऑइल-पाणी एकमेकांत मिसळत नव्हतं. म्हणजे ऑइल आतच जळत होतं.

पुढचा धागा मिळाला पसरणी घाटात. मी वाईचा, नोकरी पाचगणीला, त्यामुळे हा घाट रोजचाच. घाट चढताना मागे धूर दिसत नसे. उतरताना मी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर सोडतो, आणि खाली येऊन ॲक्सिलरेटर दाबला की निळसर धुराचा एक लोट निघायचा आणि लगेच विरायचा. मागून मोटरसायकलवर येणाऱ्या सहकाऱ्याने तो पहिल्यांदा सांगितला. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू केली की तसाच एक झोत.

याचं कारण समजून घेतलं तेव्हा बरंच उलगडलं. उतारावर थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) बंद असतो, चाकंच इंजिन फिरवत असतात आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, जोरदार व्हॅक्यूम तयार होतो. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं रबरी सील उष्णतेने कडक झालं असेल, तर वरचं ऑइल त्या फटीतून खाली ओढलं जातं आणि पुन्हा गॅस दिला की जळतं. रात्री तेच ऑइल थेंबथेंब खाली झिरपतं. रिंगा गेल्या असत्या तर चढावर, लोड असतानाही धूर दिसला असता.

तरी आधी स्वस्तातलं काम केलं. पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे क्रँककेसमधले (इंजिनच्या खालच्या पेटीतले) वायू इनटेकमध्ये सोडणारी झडप, बदलला. तो उघडा अडकला तर क्रँककेसमधली ऑइलची वाफ सरळ इनटेकमध्ये जाते. जुना हलवून पाहिला तर आतला खडखड आवाजच येत नव्हता. नवा काही शेकड्यांत आला, खप थोडा उतरला.

मग साताऱ्याच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी काहीही खोलण्याआधी स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घेतलं. चारही सिलिंडर १६० ते १७० पीएसआयमध्ये. नंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा घेतलं. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट भरून दाब वाढला असता; आकडे खास वाढले नाहीत. "वरच्या रिंगा धडधाकट आहेत सर. पण खालची ऑइल रिंग कार्बनने बसली असेल तर ती या टेस्टमध्ये सापडत नाही," त्यांनी स्वतःहून सांगितलं. हे ऐकून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. त्यांनी इनटेक मॅनिफोल्ड उतरवून दाखवलं. व्हॉल्व्हच्या पाठीवर ओला, काळा थर होता. सील बदलायचं ठरलं.

हेड न उतरवता हे काम होतं, हे मला ठाऊक नव्हतं. दोन्ही कॅमशाफ्ट काढले, त्याआधी टायमिंगच्या खुणा रंगाने पक्क्या केल्या. पिस्टन अगदी वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा दिली. त्या दाबाने व्हॉल्व्ह जागेवर राहतात, स्प्रिंग दाबून कॉटर (स्प्रिंग व्हॉल्व्हवर अडकवून ठेवणारे तुकडे) काढता येतात. कॉटर नखाएवढे, ऑइलच्या भोकातून खाली पडला तर ऑइल पॅन उतरवण्याची वेळ, म्हणून मिस्त्रींनी प्रत्येक भोकात चिंधी कोंबली होती. निघालेली सीलं बोटाने वाकवली तर तडकत होती. नवी व्हिटॉनची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या रबराची, घातली, सोळाही. अशा कामात इनटेकचीच आठ बदलून पैसे वाचवू नयेत, मजुरी तीच पडते.

ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडपैकीच, १०डब्ल्यू-४० घातलं. धूर बंद करणारी बाटली दुकानदाराने पुढे केली होती, ती घेतली नाही. दुखणं कळलेलं असताना ते झाकायचं कशाला?

आता खप १,००० किलोमीटरला दीडशे मिलीच्या आसपास आहे. घाट उतरल्यावरचा लोट गेला. खर्च रिंग-पिस्टनच्या सांगितलेल्या आकड्याच्या चौथ्या हिश्शाहून कमी आला. उरलेला खप बहुधा ऑइल रिंगचा, असं मिस्त्रींचं मत. तो पुन्हा ४००च्या वर गेला तरच खालचं इंजिन खोलायचं, असं आमचं ठरलंय. गाडीची पंधरा वर्षं पूर्ण होताना आरटीओकडे नोंदणीचं नूतनीकरण करायचं आहे. ते झालं की पुढची पाच वर्षं मिळतील, आणि ती मला याच गाडीतून काढायची आहेत.