जानेवारी की जून?

पक्षकार, राज्य, रक्कम सगळं गाळलंय. प्रोजेक्ट संपला तरी गोपनीयतेचा करार संपत नाही. पण अमेरिकेतल्या एका कोर्टाच्या ऑर्डरची पीडीएफ वाचल्यापासून हे प्रकरण डोक्यातून जात नाही.

मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या दाव्यांचे कागद वाचते. वकिलीची सनद आहे, काळा कोट कपाटात आहे. तिकडे फेडरल कोर्टात दिवाणी दावा पडला की सुनावणीच्या कितीतरी आधी दोन्ही बाजूंना आपापले ईमेल, मेसेज, फायली एकमेकांपुढे उघड्या कराव्या लागतात. ही डिस्कव्हरी. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही यासाठी ऑर्डर ११ हे प्रकरण आहे. तिचा धाक किती, ते कुठल्याही बार रूममध्ये विचारा. वकिलाशी झालेला सल्लामसलतीचा पत्रव्यवहार आणि दाव्याच्या तयारीचे कागद रोखता येतात, पण रोखलेल्या कागदांची यादी समोरच्याला द्यावी लागते: तारीख, कोणाकडून कोणाला, विषय, कारण. हा प्रिव्हिलेज लॉग. सीसीमध्ये वकिलाचं नाव दिसलं की डोळे मिटून 'प्रिव्हिलेज्ड' टॅग मारणारे रिव्ह्यूअर, म्हणजे हे कागद वाचून वर्गवारी करणारे, ढिगाने आहेत. माझ्या क्यूसीत, म्हणजे फेरतपासणीत, ते टॅग उडतात. मेल वकिलाला गेला म्हणून त्याला जोडलेला छपराचा फोटो गुपित होत नाही, हे मी प्रत्येक नव्या मुलाला शिकवते.

दावा साधा होता. गारपिटीत एका फर्निचरच्या दुकानाचं छप्पर गेलं, विमा कंपनी म्हणाली ते जुनाटच होतं. कंपनी दुसऱ्या राज्यातली आणि रक्कम ७५ हजार डॉलरच्या वर, म्हणून प्रकरण फेडरल कोर्टात. आम्ही कंपनीच्या वकिलांकडून.

अशा क्लेममध्ये ॲडजस्टर, म्हणजे विमा कंपनीसाठी नुकसान तपासणारा माणूस, छपरावर चढतो, खडूने दहा बाय दहा फुटांचा चौकोन आखतो, आतल्या गारेच्या प्रत्येक माराभोवती गोल काढतो, मोजतो आणि फोटो घेतो. छपराच्या प्रत्येक उतारावर एक चौकोन. आमच्या क्लेम फाइलमध्ये एकाच उताराचे फोटो होते. बाकीचे त्याच्या फोनमध्ये राहिले. मार्चमध्ये त्याला नवा फोन मिळाला, जुना आयटीने पुसून टाकला. तो आयटीचा मेल टीममधल्या धुळ्याच्या पोराने शोधला. फर्स्ट लेव्हलला, म्हणजे पहिल्या वाचनात, तो 'नॉट रिस्पॉन्सिव्ह' (मागणीशी संबंध नसलेला) म्हणून पडला होता.

आता गंमत अशी की विमा कंपनीचा रोजचा धंदाच क्लेम तपासणं. त्यामुळे तपासाचे कागद 'दाव्याच्या तयारीचे' म्हणून रोखायचे तर अमुक तारखेपासून आम्हाला दावा होणार हे दिसत होतं, असं सांगावं लागतं. आमच्या वकिलांनी जानेवारी धरला, कारण तेव्हा दुकानदाराने 'कोर्टात भेटू' असा मेल टाकला होता. जानेवारीपासूनच्या तपासाच्या नोट्स लॉगवर चढल्या. त्याच लॉगमध्ये, बरंच खाली, आणखी एक ओळ होती: कंपनीच्या कायदा विभागाने कर्मचाऱ्यांना पाठवलेली 'काहीही डिलीट करू नका' ही लिटिगेशन होल्डची नोटीस. तारीख जूनची.

प्रत्येक ओळ बिनचूक. पण दोन्ही एकत्र वाचल्या तर कबुलीजबाब. दावा जानेवारीत दिसत होता, तर पुरावा जपण्याची जबाबदारीही जानेवारीतच सुरू झाली. मग मार्चमध्ये फोन कसा पुसला?

मी कॉलवर तिकडच्या असोसिएटला, म्हणजे फर्ममधल्या कनिष्ठ वकिलाला, हे सांगितलं. लॉग तुम्ही करा, स्ट्रॅटेजी आम्ही बघतो, असं गोड आवाजात उत्तर आलं. बहुधा माझं म्हणणं वरच्या पार्टनरपर्यंत गेलंच नसावं. तासाला काहीशे डॉलर लावणाऱ्यांना पुण्यातून आलेली शंका ऐकायला जड जाते. आणि हे काही नवीन नव्हतं. मुंबईच्या ग्लेनमार्कच्या अमेरिकी कंपनीला २०१० मध्ये न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टात सॅनोफीविरुद्धच्या पेटंटच्या दाव्यात याच विसंगतीने गोत्यात आणलं होतं, आणि २०१४ मध्ये अपिलातही ते टिकलं.

दुकानदाराचा वकील छोट्या ऑफिसातला, एकटा. त्याने आमचा लॉग एक्सेलमध्ये तारखेप्रमाणे लावला आणि दोन्ही ओळी मोशनमध्ये, म्हणजे कोर्टाकडच्या अर्जात, शेजारी शेजारी छापल्या. बस्स.

मॅजिस्ट्रेट जजने कंपनीला निवड करायला लावली: जानेवारी की जून? जून म्हणाल तर नोट्स द्या. जानेवारी म्हणाल तर फोनचं उत्तर द्या. कंपनीने जानेवारी म्हणून नोट्स वाचवल्या. पुढे फेडरल दिवाणी प्रक्रियेचा नियम ३७(ई). २०१५ च्या दुरुस्तीपासून हा नियम हरवलेल्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याबाबत पायरीपायरीने विचारतो: जपायला हवा होता का, वाजवी काळजी घेतली का, दुसरीकडून मिळतो का, समोरच्याचं नुकसान झालं का. आणि सर्वात कडक शिक्षेसाठी, पुरावा मिळू नये म्हणून मुद्दाम घालवला का. मुद्दाम नाही, नुसता ढिसाळपणा, असं जजचं मत. त्यामुळे 'फोटो कंपनीच्या विरोधातच होते असं धरा' ही सूचना ज्युरीला मिळणार नव्हती. फोटो कसे गेले ते ज्युरीपुढे सांगायची मुभा आणि मोशनचा खर्च कंपनीवर, एवढंच. शिवाय जिथे वकिलाने सल्ला न देता तपासणीच्या वेळा ठरवल्या होत्या, म्हणजे ॲडजस्टरचंच काम केलं होतं, ते मेलही द्यायला लावले. त्यातले काही माझ्या टीमने आधीच 'द्या' असे टॅग केले होते. वरून ते फिरवले गेले.

पुढे तडजोड झाली आणि आमचा डेटाबेसचा ॲक्सेस बंद झाला. आम्ही कंपनीच्या बाजूचे, तरी ऑर्डर वाचताना मला बरं वाटलं, हे ऑफिसात बोलायची सोय नाही. पण छळतो तो खडूचा चौकोन. बाकीच्या उतारांवर कदाचित एकही गोल नसेल. कंपनीचं म्हणणं खरंही असेल, आणि ते सिद्ध करणारे फोटो तिनेच पुसले असतील.

पुढच्या प्रोजेक्टच्या प्रोटोकॉलवर, म्हणजे कागद कसे तपासायचे त्या सूचनांवर, प्रश्न विचारायला सांगितले, तेव्हा मी पहिलाच प्रश्न लिहिला: होल्डची नोटीस कधी निघाली? उत्तर आलं, रिव्ह्यू टीमला या माहितीची गरज नाही.