ट्रेम्ब्ले माँट्रियल सोडून का गेले?

आइस हॉकीच्या गप्पांत मी जे. सी. ट्रेम्ब्ले यांचे नाव घेतले की एक प्रश्न हमखास येतो: पाच वेळा स्टॅनली कप, म्हणजे एनएचएल (नॅशनल हॉकी लीग) या मुख्य लीगचे विजेतेपद, जिंकलेल्या बचावपटूने १९७२ साली त्या लीगमधला माँट्रियल कॅनेडियन्स हा संघ सोडून डब्ल्यूएचए (वर्ल्ड हॉकी असोसिएशन) या नवख्या लीगमध्ये जाणे ही चूक नव्हती का? तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो, मला ती मुळीच चूक वाटत नाही.

त्या काळी एनएचएलच्या करारात असे कलम असे की, मुदत संपली तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राही. आपल्या खेळाचे मोल दुसरीकडे विचारून पाहण्याची सोयच नव्हती. ती प्रतिस्पर्धी लीगमुळे झाली. ट्रेम्ब्ले तेव्हा ३३ वर्षांचे होते आणि त्यांच्याच प्रांतातल्या, त्यांचीच फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक शहरात डब्ल्यूएचएचा नॉर्डिक्स हा संघ उभा राहत होता.

ते अंगावर धावून जाणारे बचावपटू नव्हते. समोरचा गडी वेगाने चालून आला की त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरकायचे, नेमक्या क्षणी नुसती स्टिक पुढे करून पक (खेळातली रबरी चकती) काढून घ्यायचा आणि मान वर करून, मोकळा साथीदार हेरून, मगच पास द्यायचा, ही त्यांची रीत मला आजही या खेळातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. क्वेबेकमधल्या पहिल्याच मोसमात त्यांनी ७५ असिस्ट (साथीदाराच्या गोलला कारण ठरणारे पास) केले. त्या वर्षी लीगमधल्या एकाही आघाडीवीराला तेवढे जमले नाहीत. १९७७ मध्ये नॉर्डिक्सने अ‍ॅव्हको कप, म्हणजे डब्ल्यूएचएचे विजेतेपद, जिंकला, तेव्हाही ते संघात होते.

किंमत मात्र मोजावी लागली. सप्टेंबर १९७२ मधल्या सोव्हिएत संघाविरुद्धच्या मालिकेत एनएचएलशी करार असलेल्यांनाच कॅनडाकडून खेळू दिले गेले, आणि त्यांच्यासारखेच डब्ल्यूएचएत गेलेले बॉबी हल यांच्यासह ट्रेम्ब्लेही बाहेर राहिले. १९७४ ची मालिका डब्ल्यूएचएच्या खेळाडूंनी खेळली, तेव्हा कुठे त्यांना सोव्हिएत संघाशी गाठ घालता आली. शिवाय एनएचएलच्या अधिकृत नोंदींत त्यांचे माँट्रियलचे ७९४ सामनेच दिसतात, क्वेबेकचे ४५४ दिसत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

१९७९ मध्ये डब्ल्यूएचए बंद पडली, नॉर्डिक्ससह चार संघ एनएचएलमध्ये गेले आणि ट्रेम्ब्ले निवृत्त झाले. त्यांचा ३ क्रमांक नॉर्डिक्सने पुन्हा कोणालाही दिला नाही.