गुहागरात बसून मुंबईचं काम

‘तुम्ही गुहागरात बसून मुंबईच्या कंपनीचं काम करता, मग ऑफिसला परत बोलावण्याच्या या वादात तुमचं मत काय?’ लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला हे विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. मी घरून कामाच्या बाजूची, पण पुढारी ज्यावर भांडतात तो मुद्दाच मला वेगळा वाटतो.

त्यांचं सगळं भांडण हजेरीचं. २०२२ मध्ये ब्रिटनचे मंत्री जेकब रीस-मॉग सरकारी कचेऱ्यांतल्या रिकाम्या टेबलांवर ‘मी आलो तेव्हा तुम्ही नव्हतात’ अशा अर्थाच्या चिठ्ठ्या ठेवून आले. (आमच्याकडचा पोस्टमनही रजिस्टरसाठी तेच करायचा.) ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ ला, शपथ घेतली त्याच दिवशी, केंद्रीय कर्मचाऱ्यांना कार्यालयात बोलावणारा आदेश काढला. ऑस्ट्रेलियात मात्र हे अंगाशी आलं. विरोधी पक्षनेते पीटर डटन यांच्या आघाडीनं सरकारी नोकरांचं घरून काम बंद करू म्हटलं, नोकरदार बायका बिथरल्या, ऐन प्रचारात डटन यांना माफी मागून माघार घ्यावी लागली. मे २०२५ मध्ये निवडणूक हरलेच, वर स्वतःची जागाही गेली. कारणं इतरही होती, पण घरून काम या विषयावर मतं फिरू शकतात हे दिसलं.

आमच्याकडे ती फिरत नाहीत, कारण कोकणचं राजकारण येण्याजाण्याचं. गणपतीला चाकरमान्यांसाठी पक्षांच्या फुकट गाड्या सुटतात, काचेवर साहेबांचा फोटो. मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांवर दरवर्षी आंदोलन. चाकरमान्यानं यावं, आरत्या म्हणाव्यात, गौरी-गणपती बोळवून परत जावं. तो इथेच राहिला तर त्याला काय लागेल, हे कुणाच्या जाहीरनाम्यात नसतं. त्याचं मत बहुतेकदा मुंबईकडे, दिवा-विरारला नोंदलेलं, हेही आहेच म्हणा.

लागतं ते असं. पावसात फणसाची फांदी तारेवर पडते, लाइट जाते. इन्व्हर्टरवर राउटर चालतो, पण थोड्या वेळानं टॉवरची बॅटरी बसते आणि मोबाइलची रेंजही जाते. फायबर त्याच खांबांवरून आलेलं, खांब आडवा झाला की तेही गेलं. वायरमनला फोन लावावा तर तो म्हणतो, ‘ताई, फीडरच गेलाय, लाइन चालत बघतोय.’ फीडर म्हणजे सबस्टेशनातून गावांना वीज आणणारी मुख्य लाइन. त्या बिचाऱ्याचा दोष नाही, रानातून एकटा फिरतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडची गावं कित्येक दिवस अंधारात होती. तेव्हा सगळा देश घरून काम करत होता.

मागच्या प्रचारात एक उमेदवार आमच्या पडवीत येऊन बसले. मी फीडरचं विचारलं. ते म्हणाले, ‘ते बघू. गणपतीला गाड्या किती लागतील, तेवढी यादी द्या.’ वाडीनं यादी दिली. गाड्या वेळेवर आल्या.