सायबर सिक्युरिटीत मास्टर्स: टूल राहू द्या, आधी स्टॅक बघा

मास्टर्सला प्रवेश पक्का झाला की बहुतेक जण पहिल्याच दिवशी काली लिनक्स (हॅकिंगची टूल आधीच भरलेली ऑपरेटिंग सिस्टिम) टाकतात. टाका, बिघडत काही नाही. पण पहिल्या सेमिस्टरला गटांगळ्या खाणाऱ्यांचं घोडं अडतं ते सी मधल्या पॉइंटरवर, प्रोसेसच्या मेमरीवर आणि मॉड्युलर गणितावर. टूल चालवायला आठवड्याभरात जमतं. वर्ग सुरू व्हायला दोन महिने असतील, तर त्यातला दीड महिना सी आणि ऑपरेटिंग सिस्टिमला द्या.

सिस्टिम सिक्युरिटीच्या विषयात बफर ओव्हरफ्लोचं, म्हणजे मेमरीतल्या ठरलेल्या जागेत (बफरमध्ये) मावेल त्याहून जास्त डेटा कोंबण्याचं, प्रॅक्टिकल हमखास असतं. मुद्दा जुनाच आहे: १९८८ च्या मॉरिस वर्मने (स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रॅमने) ५१२ बाइटच्या बफरमध्ये ५३६ बाइट कोंबले होते. प्रॅक्टिकलसाठी स्टॅक कॅनरी (ओव्हरफ्लो ओळखणारी खूण) आणि एएसएलआर (मेमरीचे पत्ते दर वेळी बदलणारं संरक्षण) बंद करतात, स्टॅक, म्हणजे फंक्शनची तात्पुरती मेमरी, एक्झिक्युटेबल ठेवतात. ६४ बिट मशीनवर ६४ बाइटचा बफर, त्यावर सेव्ह केलेल्या बेस पॉइंटरचे ८, म्हणजे ७२ बाइटनंतर रिटर्न अॅड्रेस, म्हणजे फंक्शन संपल्यावर परतायचा पत्ता, असा हिशेब कागदावर बसतो. प्रत्यक्षात कंपायलर मध्ये जागा सोडू शकतो, त्यामुळे आकडा पाठ करू नका, डिसअसेंब्लीत (मशीन कोडच्या वाचता येणाऱ्या रूपात) बघा.

इथली नेहमीची रड म्हणजे जीडीबीत (प्रोग्रॅम आतून तपासायच्या डिबगरमध्ये) चालतं आणि बाहेर कोसळतं. जीडीबी प्रोग्रॅमच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये लाइन्स आणि कॉलम्स ही दोन व्हेरिएबल स्वतःहून घालतो. एन्व्हायर्नमेंट स्टॅकच्या वरच्या टोकाला बसतं, म्हणून खालचे सगळे पत्ते सरकतात. ती दोन्ही काढून टाका आणि प्रोग्रॅम दोन्हीकडे एकाच पूर्ण पाथने चालवा. दुसरी अडचण रिटर्न-टू-लिबसीची, म्हणजे स्वतःचा कोड न घालता सी लायब्ररीतल्या फंक्शनवर उडी मारण्याची: पत्ता बरोबर असूनही प्रोग्रॅम 'मूव्हॅप्स' या इन्स्ट्रक्शनवर मरतो. तिथे स्टॅक १६ बाइटला अलाइन लागतो आणि आपली उडी तो ८ ने चुकवते. पत्त्यांच्या साखळीत एक जादा 'रेट' (परत फिरण्याची इन्स्ट्रक्शन) घातला की काम होतं. यात रात्र घालवणारे पुष्कळ असतात.

क्रिप्टोग्राफीत सिद्धता येतात, त्या टाळता येत नाहीत. पण असाइनमेंटमध्ये मार्क जातात ते वापरातल्या चुकांवर. एईएस-जीसीएम या एन्क्रिप्शनच्या पद्धतीत नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) सहसा ९६ बिटांचा असतो. एकाच कीबरोबर तो दोनदा आला, तर दोन सायफरटेक्स्टच्या (एन्क्रिप्ट केलेल्या मजकुरांच्या) एक्सऑरमधून, म्हणजे बिटाबिटाच्या तुलनेतून, मूळ मजकुरांचा एक्सऑर हाती लागतो, आणि खोटे संदेश बनवण्याची वाटही उघडते. नॉन्स देणारा काउंटर फक्त मेमरीत ठेवला आणि व्हर्च्युअल मशीन जुन्या स्नॅपशॉटवर नेलं, की नेमकं हेच होतं.

घरच्या लॅबला १६ जीबी रॅम आणि दोन-तीन व्हर्च्युअल मशीन पुरतात. नेटवर्क होस्ट-ओन्ली, म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरपुरतंच, ठेवा. ब्रिज्ड (बाहेरच्या नेटवर्कला जोडलेलं) ठेवलं तर तुमचं स्कॅन हॉस्टेलच्या वायफायवर जातं, आणि मग खुलासा देत बसावं लागतं.

आता थीसिस. मशीन लर्निंगने घुसखोरी ओळखणं हा सगळ्यात लोकप्रिय विषय, आणि माझ्या मते सगळ्यात फसवा. केडीडी कप ९९ हा डेटासेट अजूनही वापरला जातो. तो १९९८ च्या कृत्रिम ट्रॅफिकवरून बनलाय, आणि त्याच्या ट्रेनिंग संचातल्या सुमारे ७८ टक्के नोंदी दुबार आहेत. दुबार नोंदी काढलेला एनएसएल-केडीडी २००९ मध्ये आला, पण ट्रॅफिक तेच जुनं. डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेच्या १९९९ च्या डेटात तर आणखी गंमत: टीटीएल (पॅकेट अजून किती टप्पे जाऊ शकतं तो आकडा) १२६ आणि २५३ फक्त हल्ल्याच्या पॅकेटांत दिसतात, नेहमीच्या ट्रॅफिकमध्ये बहुतेक १२७ आणि २५४. मॉडेल हल्ला ओळखत नाही, सिम्युलेशनची खूण ओळखतं.

समजा डेटा चांगला मिळाला, तरी ९९ टक्के अचूकतेला भुलू नका. दिवसाला १० लाख घटना, त्यांत १०० हल्ले. मॉडेलने ९९ पकडले आणि खोट्या इशाऱ्याचं प्रमाण फक्त १ टक्का धरलं, तरी ९,९९९ खोटे इशारे येतात. म्हणजे एका खऱ्यामागे १०१ खोटे. असा पडदा बघणारा माणूस दोन दिवसांत इशारे बंद करतो. म्हणून निकालाच्या तक्त्यात अॅक्युरसीच्या आधी दिवसाला किती खोटे इशारे ते लिहा, आणि ट्रेन-टेस्टची विभागणी रँडम न करता तारखेने करा: आधीचे दिवस शिकायला, नंतरचे तपासायला. रँडम विभागणीत एकाच हल्ल्याचे फ्लो (नेटवर्कवरच्या जोडण्यांच्या नोंदी) दोन्हीकडे पडतात. तारखेने विभागल्यावर आकडा बराच खाली आला, तर तो खाली आलेलाच आकडा गाईडना दाखवा.