आमची वाटचाल: साकीनाक्याच्या गाळ्यातून

वडिलांनी साकीनाक्याला भाड्याच्या गाळ्यात दोन लेथ टाकले तेव्हा गिरण्यांचे सुटे भाग हेच आमचं काम. गिरण्या गेल्या, काम गेलं. मी कर्ज काढून व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, आणलं आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी अ‍ॅल्युमिनियमचे डबे करू लागलो. पवईत ‘समीर’ ही रडारसारख्या कामाच्या मायक्रोवेव्ह लहरींवर संशोधन करणारी सरकारी संस्था असल्यामुळे या पट्ट्यात मायक्रोवेव्हवाली माणसं भेटतात. तशाच ओळखीतून रडारचं काम आलं.

क्षेपणास्त्राची आगाऊ सूचना देणारी आणि उपग्रहांवर, अवकाशातल्या कचऱ्यावर नजर ठेवणारी जमिनीवरची मोठी रडार पुष्कळदा एकाच जातीची असतात. भिंतीसारख्या पॅनलवर हजारो छोटे अँटेना. श्रीहरिकोट्याला इस्रोच्या रडारवर ४,६०८ आहेत. प्रत्येकाचा सिग्नल जरासा मागेपुढे केला की पॅनल न हलवता झोत वळतो. म्हणूनच ते रडार एका वेळी दहा वस्तूंचा माग काढू शकतं.

अशा अँटेनांमागे सिग्नल पाठवणारी-घेणारी मॉड्यूल्स असतात. आम्ही त्यांचे डबे करतो. कुठल्या रडारचे, ते कोणी सांगत नाही. ड्रॉइंगवर नुसता नंबर.

डबा दिसायला साधा, पण सगळा जीव त्याच्या तळात. ट्रान्झिस्टरची उष्णता तळातून कूलिंग प्लेटमध्ये उतरते. तळ जरा पोटात गेला की मधे हवा राहते आणि ट्रान्झिस्टर भाजून निघतो. म्हणून शेवटचा कट बारीक घ्यायचा आणि त्याआधी क्लॅम्प सैल करायचे. आवळून धरलेला जॉब मशीनवर सरळ दिसतो, सोडला की वाकतो. मग ग्रॅनाइटच्या सपाट लादीवर ठेवून डायल गेज फिरवायचा, तळ कुठे वरखाली आहे ते कळतं. डीबरिंगच्या, म्हणजे कापलेल्या कडांचे कंगोरे काढणाऱ्या, ताई भिंग लावून प्रत्येक भोक बघतात, कारण आत सुटलेला एक कण शॉर्ट करायला पुरे. त्यांनी बाजूला ठेवलेला डबा मीसुद्धा पास करत नाही.

नव्या पोरांना मी ग्रीनलंडच्या थुले तळाचा किस्सा सांगतो. ऑक्टोबर १९६० मध्ये तिथल्या अमेरिकन रडारने उगवता चंद्र पाहून क्षेपणास्त्रहल्ल्याचा इशारा दिला होता! चंद्रावरून प्रतिध्वनी परतायला अडीच सेकंद लागतात, हा हिशेबच यंत्रणेत धरला नव्हता. पोरांना हे भारी आवडतं.

पैशाचं म्हणाल तर या कामात घाई चालत नाही. माल तपासून पास झाल्यावरही एका गिऱ्हाइकाने बिल वर्षभर अडकवलं. तेव्हा पगार लेथवरच्या पंपाच्या शाफ्टच्या कामावर निघाले. ते काम आम्ही अजून सोडलेलं नाही. जुने लेथ त्यावरच चालतात, आणि सध्या त्यांच्याशेजारी दुसऱ्या व्हीएमसीसाठी जागा करतोय.